'रामा'त राम किती?

१ जुलै २०२५ ला चिलीमधल्या एका दुर्बिणीला आकाशात एक अंधुक ठिपका सरकताना दिसला. त्याच्या मार्गाचं गणित मांडल्यावर लक्षात आलं, की हा काही आपल्या सूर्यमालेतला नाही. बाहेरून आलाय आणि बाहेरच निघालाय. त्याचं नाव ठरलं '३आय/ॲटलस'. असा पाहुणा सापडण्याची ही तिसरी वेळ. पुढचे कित्येक महिने मोबाईलवर एकच प्रश्न फिरत होता: हे परग्रहावरून आलेलं यान तर नाही ना? शास्त्रज्ञ सांगत राहिले, की हा धूमकेतू आहे, त्यातून वायू आणि धूळ बाहेर पडताना दिसतेय. पण ज्यांना यानच हवं होतं, त्यांना धूमकेतूचं काय कौतुक!

या चर्चेत एका जुन्या कादंबरीचं नाव हमखास निघतं. विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांची 'राँदेव्हू विथ रामा', १९७३ सालची. सूर्यमालेबाहेरून आलेल्या अशाच एका पाहुण्याची ही गोष्ट, आणि त्या पाहुण्याचं नाव 'रामा'. २०१७ मध्ये असा पहिला पाहुणा सापडला तेव्हा त्याला 'रामा' हेच नाव द्यावं, असंही सुचवलं गेलं होतं. शेवटी 'ओमुआमुआ' हे हवाई बेटांच्या भाषेतलं नाव पक्कं झालं.

रामा म्हणजे आपला रामच. कादंबरीतल्या काळापर्यंत ग्रीक आणि रोमन देवांची नावं आकाशातल्या गोलांना देऊन संपलेली असतात, म्हणून खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळलेले असतात. यादीत पुढचं नाव राम होतं, एवढंच. रामायणाशी कथेचा संबंध नाही. पाहणीसाठी पाठवलेल्या पहिल्या मानवरहित यानाचं नाव 'सीता' ठेवण्याचा मोह मात्र लेखकाला आवरलेला नाही.

या कादंबरीबद्दल वाचकांत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, विज्ञानकथेचा हा मेरुमणी. ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार तिला उगाच मिळाले नाहीत. दुसरा म्हणतो, अडीचशे पानं वाचली, कोणी भेटलं नाही, काही घडलं नाही, यात राम नाही. मला दोघांचंही पटतं. क्लार्कनं एका जागेचा जितका खोलवर विचार केला, तितका तिच्यात वावरणाऱ्या माणसांचा केला नाही. पुस्तकातलं सगळं बळ आणि सगळा कमकुवतपणा इथूनच येतो.

कथानक न फोडता हे समजावता येणार नाही. ज्यांना पुस्तक कोरं वाचायचं असेल त्यांनी इथे थांबलेलं बरं.

## पाहुणा बाहेरचा आहे हे कळतं कसं?

एक खोलगट वाडगा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या आतल्या बाजूला गोटी सोडली तर ती तिथल्या तिथे घिरट्या घालत राहते. पृथ्वी आणि बाकीचे ग्रह असेच सूर्याच्या वाडग्यात फिरतायत. आता हीच गोटी बाहेरून भन्नाट वेगानं आली, तर ती एका कडेनं आत उतरेल, तळाशी थोडी वळेल आणि दुसऱ्या कडेनं बाहेर निघून जाईल. परत यायची नाही. या दुसऱ्या प्रकारच्या मार्गाला गणितात 'अपास्त' म्हणतात. एखाद्या वस्तूचा मार्ग ठळकपणे अपास्त निघाला, तर ती दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याकडून आली असं मानायला जागा असते.

कादंबरीतला रामा तासाला सुमारे १ लाख किलोमीटर वेगानं येतो, म्हणजे सेकंदाला जवळपास २८ किलोमीटर. खऱ्याखुऱ्या ओमुआमुआचा सूर्यापासून फार दूर असतानाचा वेग सेकंदाला २६ किलोमीटरच्या आसपास निघाला. हा अर्थात योगायोग. आपल्या भागातले तारेच एकमेकांच्या तुलनेत साधारण अशा वेगानं हलतात. पण क्लार्कनं आकडा हवेतून काढला नव्हता, हे त्यावरून कळतं. ३आय/ॲटलस त्याहून बराच वेगवान आहे, सेकंदाला ५८ किलोमीटर.

## गोष्ट काय आहे?

११ सप्टेंबर २०७७ ला उत्तर इटलीवर एक मोठी उल्का कोसळते. पादुआ आणि व्हेरोना ही शहरं पुसली जातात, व्हेनिस समुद्रात जातं. पुन्हा असं घडू नये म्हणून माणूस आकाशावर कायमचा पहारा बसवतो. त्याचं नाव 'स्पेसगार्ड'. या पहाऱ्याला २१३१ मध्ये एक विचित्र लघुग्रह दिसतो. सीता त्याच्या जवळून जाते, फोटो पाठवते आणि सगळ्यांची वाचा बसते. तो दगड नसतोच. तो ५० किलोमीटर लांब, २० किलोमीटर रुंद, यंत्रावर कातल्यासारखा गुळगुळीत नळकांडा असतो. आणि तो स्वतःभोवती दर ४ मिनिटांना एक फेरी मारत असतो.

त्याला गाठता येईल अशा अंतरावर एकच यान असतं. त्याचं नाव 'एंडेव्हर', कप्तान बिल नॉर्टन. सूर्याजवळून वळून रामा निघून जायच्या आत हाताशी फक्त काही आठवडे असतात. ही माणसं दार शोधतात, आत जातात, फिरतात, बघतात, मोजतात आणि वेळ संपल्यावर बाहेर येतात. संपलं. खलनायक नाही, मारामारी जवळजवळ नाही, आणि ज्यांनी हे बांधलं ते एकदाही समोर येत नाहीत.

## नळकांड्याच्या आत उभं राहता येतं ते कसं?

इथे क्लार्कची खरी करामत आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसलं की आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो. रामा फिरतोय, म्हणून त्याच्या आतली प्रत्येक वस्तू भिंतीकडे ढकलली जाते. पाय भिंतीवर, डोकं मधल्या आसाकडे. म्हणजे भिंत हीच जमीन. त्या जमिनीवरून समोर पाहिलं तर ती दोन्ही बाजूंना वर चढत जाते, आणि थेट डोक्यावर, १६ किलोमीटर उंच, उलटी टांगलेली दिसते. तिथे उभा असलेला माणूस मान वर करून तुमच्याकडे बघत असेल.

हिशेब सोपा आहे. आतला व्यास १६ किलोमीटर, म्हणजे परीघ साधारण ५० किलोमीटर. तो ४ मिनिटांत एकदा फिरायचा तर जमिनीचा वेग येतो तासाला ७५० किलोमीटर. प्रवासी विमानाच्या वेगानं जमीन पळतेय, पण तुम्ही तिच्याबरोबरच पळत असल्यामुळे जाणवत नाही. त्यातून निघणारं वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त. इथे साठ किलो भरणारा माणूस तिथे चौतीसेक किलोचा वाटेल.

आता गंमत पाहा. मधल्या आसावर वजन शून्य, कडेला निम्मं. माणसं आसाजवळच्या दारातून आत शिरतात, तेव्हा ती तरंगत असतात. तिथून खाली जाणारे भलेमोठे जिने आहेत. जसजसं उतरावं तसतसं वजन वाढत जातं. वरच्या पायऱ्यांवर माणसं कठड्यावरून घसरगुंडी खेळल्यासारखी खाली येतात. परतताना मात्र पहिल्या पायऱ्याच जीव काढतात आणि वरच्या फुकट. चढण उलट्या क्रमानं सोपी होत जाते, हे एकदा उमगलं की आपण त्या जिन्यावर आहोत असं वाटायला लागतं. क्लार्क वर्णनाला विशेषणं फारशी जोडत नाही. तो नियम सांगतो आणि तुम्हाला त्यात सोडून देतो.

मनाचा प्रश्नही त्यानं टिपलाय. आत शिरल्यावर समोरचं दृश्य खोल विहिरीसारखं बघायचं, की कड्यासारखं, की आडव्या बोगद्यासारखं? तिन्ही बरोबर, पण चुकीचं निवडलं तर भोवळ येऊन हातपाय गळतील. नॉर्टन ठरवून स्वतःला सांगतो, की आपण एका प्रचंड वाडग्याच्या तळाशी आहोत, आणि त्याच कल्पनेला चिकटून राहतो. लेखक पात्रांच्या आतल्या जगात नीट डोकावतो अशा मोजक्या जागांपैकी ही एक.

आणखी एक वळण आहे, अक्षरशः. फिरत्या पाळण्यावर समोरासमोर बसून चेंडू टाकला तर तो सरळ जात नाही, बाजूला वाकल्यासारखा दिसतो. खरं तर चेंडू सरळच जातो. त्याच्याखालून पाळणा सरकलेला असतो. याला 'कोरिऑलिस परिणाम' म्हणतात. मी गंमत म्हणून हिशेब केला: रामाच्या आत ५०० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून दगड सोडला आणि हवा मधे नाही असं धरलं, तर तो पायथ्याशी न पडता सव्वाशे मीटर बाजूला पडेल. वर चढणारी तापलेली हवासुद्धा अशीच वळणार. म्हणून रामा सूर्याजवळ येऊन तापायला लागतो तेव्हा आत वादळं उठणार, हे पृथ्वीकडून आधीच कळवलं जातं आणि माणसं वेळेत बाहेर पडतात. वादळ लेखकानं रंगत यावी म्हणून आणलेलं नाही. ते हिशेबातून आलेलं आहे.

माझ्या मते सगळ्यात सुंदर जागा समुद्राची. नळकांड्याच्या मधोमध १० किलोमीटर रुंदीचा पाण्याचा पट्टा हातातल्या कड्यासारखा गोल फिरलेला आहे. आधी तो गोठलेला असतो, मग उष्णता बाहेरच्या कवचातून आत झिरपल्यामुळे तळाकडून वितळायला लागतो. या समुद्राचा उत्तरेकडचा काठ पाण्यापासून ५० मीटर उंच आहे आणि दक्षिणेकडचा ५००. असं का? पाण्यानं भरलेलं ताट हातात घेऊन एकदम पुढे निघालात तर पाणी तुमच्या अंगावर येतं. रामानं आपली गती वाढवली तर समुद्र मागच्या काठावर चढणार, म्हणून मागचा काठ उंच. म्हणजे ही वस्तू नुसती वाहत आलेली नाही, तिला इंजिन आहे. पात्रं हे एका भिंतीच्या उंचीवरून ओळखतात. पाण्याच्या उतारावरून तर रामाच्या कमाल जोराचा अंदाजही बांधता येतो: पृथ्वीच्या ओढीच्या साधारण अठरावा भाग. भिंत बघून इंजिन ओळखण्याचा हा आनंद दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या कादंबरीत मिळेल, मला सांगता येणार नाही.

## परग्रहवासी भेटतच नाहीत, मग ही पहिली भेट कसली?

हा सगळ्यात नेहमीचा आक्षेप. परक्या बुद्धिमान जीवांशी माणसाची पहिली गाठ पडणं यावर विज्ञानकथेची एक अख्खी शाखा उभी आहे. तिच्यात साधारण दोन साचे चालतात. एक तर ते आपल्याला मारायला येतात, नाहीतर तारायला. दोन्हीत एक गोष्ट गृहीत असते: ते आपल्यासाठी आलेत.

रामात ते गृहीतच काढून घेतलंय. रामा सूर्याजवळ आला तो ऊर्जा भरून घ्यायला आणि वळण घ्यायला. रस्त्यात सूर्य पडला, त्याच्या अंगणात आपण राहत होतो. आपण आत शिरलो, फिरलो, याचीही त्याला खबर असल्याचं दिसत नाही. आत 'बायॉट' नावाचे जिवंत यंत्रासारखे प्राणी फिरतात. हा शब्द क्लार्कनं जीव आणि यंत्र मिळून बनवला. खेकड्यासारखे काही, तीन पायांच्या कोळ्यांसारखे काही. ते माणसांकडे ढुंकूनही बघत नाहीत. जिमी पाक नावाचा तरुण पायडल मारून उडवायच्या हलक्या यंत्रावरून दक्षिण टोकाकडे जातो, तिथे त्याचं यंत्र कोसळतं, आणि खेकडा बायॉट येऊन त्या मोडक्या यंत्राचे तुकडे करून कचऱ्यासारखे घेऊन जातो. जिमीला हात लावत नाही. पहिल्या संपर्काचा एवढा खरा वाटणारा प्रसंग मी क्वचित वाचलाय: त्यांच्या लेखी आपण कचरासुद्धा नाही.

इथे एक धागा आहे, तो वाचकांच्या नजरेतून सहज सुटतो. नॉर्टनचा आदर्श आहे कॅप्टन जेम्स कुक. यानाचं नाव एंडेव्हर तेही कुकच्या जहाजावरून, ज्यातून तो १७६८ मध्ये प्रशांत महासागराच्या सफरीवर निघाला होता. नॉर्टन स्वतःला कुकच्या जागी बघतो: अनोळखी किनाऱ्यावर पाय ठेवणारा दर्यावर्दी. पण गोष्टीची रचना नीट पाहिली तर उलटं आहे. दूरवरून मोठं जहाज आलं ते रामावाल्यांचं. बेटावरचे लोक आपण. आपण होड्या घेऊन जहाजाजवळ गेलो, वर चढून दोर, कप्पी, पिंपं चाचपून पाहिली, खलाशी झोपलेले असावेत असं वाटलं, आणि जहाज नांगर न टाकताच निघून गेलं. कुक ज्या बेटांवर पोचला तिथल्या लोकांच्या नशिबी पुढे काय आलं ते आठवलं, तर जहाज न थांबणं हे भाग्यच म्हणायचं. पुस्तक हे उघड बोलत नाही. नॉर्टनला शेवटी वाटते ती चुटपूट आहे, सुटका नाही.

आणि रामावाले अगदीच अदृश्य आहेत असंही नाही. त्यांच्या वस्तू दिसतात. माणसांनी 'लंडन' असं नाव दिलेल्या एका वस्तीतली एक इमारत कापून आत गेल्यावर काचेच्या खांबांमध्ये शेकडो वस्तूंची चित्रं तरंगताना सापडतात, जणू साच्यांचा कॅटलॉग. त्यात एक पोशाख आहे. तो बघून पहिल्यांदा अंदाज येतो, की ज्याच्यासाठी शिवला त्याला हात तीन असावेत. मालक घरी नसताना त्याचा सदरा खुंटीवर दिसावा, तशी ती भेट आहे.

मला पहिल्या वाचनात हे उमगलं नव्हतं. शेवटच्या पानापर्यंत दार उघडून कोणीतरी बाहेर येईल म्हणून वाट बघत होतो आणि पुस्तक मिटताना चिडलो होतो.

## मग माणसांचं काय बिनसलं?

बरंच.

एंडेव्हरवरची माणसं कर्तबगार आहेत, शांत आहेत, एकमेकांशी नीट वागतात. संकटात कोणी किंचाळत नाही. सुरुवातीला हे फार आवडतं; उगाच भांडणारे अंतराळवीर बघून आलेला कंटाळा जातो. पण शंभर पानांनंतर लक्षात येतं, की नावं झाकली तर कोण बोलतंय ते ओळखू येणार नाही. प्रत्येकाला एकेक कौशल्य दिलंय: हा पोहणारा, हा उडणारा, ही डॉक्टर. कौशल्य वापरून झालं की माणूस कपाटात परत.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: कल्पनांची कादंबरी आहे, पात्रं कशाला हवीत? हे उत्तर मला अर्धंच पटतं. लेखकानं पात्रांचा विषय काढलाच नसता तर गोष्ट वेगळी. पण तो काढतो. नॉर्टनची दोन कुटुंबं आहेत, एक पृथ्वीवर आणि एक मंगळावर, आणि दोघींनाही एकमेकींची कल्पना आहे. केवढा ऐवज आहे यात! लेखक दोघींना सारख्याच मजकुराचा निरोप पाठवण्याची गंमत करतो आणि पुढे जातो. यानावर घरकामासारखी कामं करायला हुशार केलेली चिंपांझी माकडं आहेत. प्रयोगशाळेत बुद्धी वाढवून त्यांना कामाला जुंपणं योग्य की अयोग्य, यावर जवळजवळ शब्द नाही. बाहेरून परकी बुद्धिमत्ता आलीय म्हणून सगळी मानवजात श्वास रोखून बसलेली, आणि आपणच घडवलेली बुद्धिमत्ता शेजारी भांडी आवरतेय. हा विरोधाभास लेखकाला दिसलाच नसावा.

स्त्रियांचं चित्रण त्याहून खटकतं. डॉक्टर लॉरा अर्न्स्ट हुद्द्यानं मोठी आहे, कामात चोख आहे. आणि त्याच पुस्तकात वजनहीन अवस्थेत स्त्रियांच्या शरीराकडे पुरुषांचं लक्ष कसं विचलित होतं यावर एक शेरा आहे, तो आज वाचताना तोंड कडू होतं. 'त्या काळी असंच लिहीत,' हा बचाव इथे लंगडा पडतो. एकतर त्या काळी वेगळं लिहिणारेही होतेच. दुसरं म्हणजे हे पुस्तक त्या काळाबद्दल नाही, दीडशे वर्षं पुढच्या काळाबद्दल आहे. समुद्राच्या काठाची उंची मीटरपर्यंत ठरवणाऱ्यानं दीडशे वर्षांत माणसं कशी बदलतील याला चार पानंही दिली नाहीत.

रामाचं काय करायचं यावर चंद्रावर भरणाऱ्या समितीच्या बैठका तेवढ्या मला भावतात. निरनिराळ्या ग्रहांचे प्रतिनिधी, एकमेकांचे जुने हिशेब काढणारे तज्ज्ञ, प्रत्येकाचा आपला सिद्धांत खरा ठरावा म्हणून चाललेला आटापिटा. तिथे क्लार्कला माणसं बरोबर सापडलीत, कारण असल्या बैठकांना तो स्वतः बसला असावा असं वाटतं.

## बुधाचं क्षेपणास्त्र

नाट्य कमी पडतंय असं लेखकाला मधेच जाणवलं असावं. बुध ग्रहावर वसलेल्या माणसांना भीती वाटते, की रामा सूर्याभोवतीच मुक्काम ठोकेल आणि आपल्या डोक्यावर बसेल. ते त्याच्या दिशेनं अणुबॉम्ब पाठवतात. बोरिस रॉड्रिगो नावाचा श्रद्धाळू अधिकारी एकटा जाऊन त्याच्या तारा कापतो. प्रसंग छोटा, नीटस, आणि इतक्या सहज सुटतो की तो नसता तरी चाललं असतं. रॉड्रिगो मात्र लक्षात राहतो. येशू हाच अवकाशातून आलेला पाहुणा होता असं मानणारा त्याचा पंथ आहे, आणि त्याच श्रद्धेमुळे रामा नष्ट करणं हे पाप आहे याची त्याला खात्री असते. विज्ञाननिष्ठ लेखकानं निर्णायक क्षण धर्मश्रद्ध माणसाच्या हाती द्यावा, हे मला आवडलं.

## विज्ञान तरी सगळं खरं आहे का?

नाही. एक मोठी थाप आहे आणि ती शेवटी येते.

होडी पुढे न्यायची तर वल्ह्यानं पाणी मागे ढकलावं लागतं. रॉकेट वायू मागे फेकतं म्हणून पुढे जातं. न्यूटनचा तिसरा नियम हाच. रामा मात्र वेग वाढवताना मागे काहीही फेकत नाही. गाडीच्या आत बसून तिच्याच पुढच्या काचेला रेटा द्यावा आणि गाडी पळायला लागावी, तसं. पुस्तकातले शास्त्रज्ञही ते बघून हादरतात आणि न्यूटन मोडीत निघाला असं मान्य करतात.

याला फसवणूक म्हणावं का? मी म्हणणार नाही. सगळं पुस्तक आपल्याला माहीत असलेल्या नियमांवर चालतं, म्हणून शेवटी एक नियम मोडलेला दिसला की अंगावर काटा येतो. हीच थाप तिसऱ्या पानावर मारली असती तर तिला काडीची किंमत नसती.

खऱ्या जगात ओमुआमुआनंही थोडीशी अशीच हूल दिली. सूर्यापासून दूर जाताना त्याचा वेग निव्वळ सूर्याच्या ओढीच्या हिशेबात बसत नव्हता. किंचित जास्तीचा रेटा दिसत होता आणि शेपटी मात्र दिसत नव्हती. त्यावरून तो कृत्रिम असावा असंही मांडलं गेलं. पण वायू बाहेर पडताना असा रेटा बसू शकतो आणि तो आपल्या दुर्बिणींना दिसणार नाही इतका विरळ असू शकतो. रेडिओ दुर्बिणींनीही कान लावून पाहिलं. काही ऐकू आलं नाही.

## पन्नास वर्षांत शिळी झाली का?

काही बाबतींत उलट ताजी झालीय. क्लार्कनं स्पेसगार्ड कल्पनेनं रचलं. १९९२ मध्ये नासाच्या एका अहवालानं पृथ्वीला धडकू शकणारे लघुग्रह शोधण्याच्या खऱ्या योजनेसाठी तेच नाव उचललं. आणि ३आय/ॲटलस सापडला तो ज्या यंत्रणेला, ती उभारली गेलीय नेमक्या याच कामासाठी, कोसळू पाहणाऱ्या लघुग्रहाची आधी सूचना देण्यासाठी. ओमुआमुआ ज्या दुर्बिणीला दिसला तिचंही हे एक मुख्य काम. पाहुणा दिसला तो पहारेकऱ्याला, हे क्लार्कनं अचूक ओळखलं होतं.

घाईचंही तसंच. ओमुआमुआ १९ ऑक्टोबर २०१७ ला सापडला तेव्हा तो सूर्याला वळसा घालून आधीच परतीच्या वाटेवर होता. गाठायला यान नव्हतं, नुसतं बघायलाही थोडेच आठवडे मिळाले. 'एवढ्या मोठ्या गोष्टीला इतका कमी वेळ कसा,' असं कादंबरी वाचताना वाटायचं. आता वाटत नाही.

शिळी वाटते ती दुसरीच बाजू. रामात माणसं स्वतः चालत फिरतात, हातानं नकाशे काढतात, होडी बांधतात. आज कुणी असं यान गाठलंच तर आधी यंत्रं शिरतील आणि माणसं पडद्यावर बघत बसतील. पण मग गोष्टीतली जिन्यावरची धाप कुठून येणार? ही चूक त्यानं सुधारली नाही ते बरंच झालं.

## पुढचे भाग वाचावेत का?

क्लार्कनं जेंट्री ली यांच्याबरोबर आणखी तीन भाग लिहिले, १९८९ ते १९९३ या काळात. पहिल्या पुस्तकाबद्दलच्या दोन्ही तक्रारींना त्यांत उत्तर आहे: पात्रांना घरदार, प्रेम, भांडणं, मुलंबाळं मिळतात, आणि रामा कोणी कशासाठी पाठवला तेही सांगितलं जातं. ज्यांना कोडं उघडंच ठेवलेलं सहन होत नाही, त्यांनी जरूर वाचावेत. माझं मत विचाराल तर, खुंटीवरचा तो तीन हातांचा सदरा बघितल्यावर मालकाला भेटायची मला गरज उरली नव्हती.

पहिल्या भागाच्या अगदी शेवटी एका शास्त्रज्ञाच्या मनात येतं, की रामावाले सगळं तीन-तीन करतात. ही ओळ पुढच्या भागांची जाहिरात वाटते, पण ती अखेरचा हात फिरवताना सुचली आणि तेव्हा पुढच्या भागांचा विचार डोक्यात नव्हता, असं क्लार्कनं नंतर सांगितलं. ते खरं मानून पुस्तक परत पहिल्यापासून चाळलं तर तीनच्या खुणा आधीपासून पसरलेल्या दिसतात: आत शिरायच्या तीन वाटा, खाली उतरायचे तीन जिने, कोळ्याचे तीन पाय. मी दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बसलो होतो. समासात खुणा करत समुद्रापर्यंत पोचलो आणि मग तो ५०० मीटरचा काठ पुन्हा समोर आला, तेव्हा मोजायचं राहूनच गेलं.